फाशांमागची गोष्ट: युद्धखेळांच्या पुस्तकांतला मजकूर पातळ झालाय का?

पिलबाग | रविवार, रात्री १०.१५

मंडळी, बरेच दिवस हा किडा डोक्यात वळवळतोय. आज लिहूनच टाकतो.

जळगावात आमचा चौघांचा कंपू आहे. रविवारी दुपारी मोठं टेबल ओढायचं, त्यावर पुठ्ठ्याच्या भिंती, गणपतीच्या जुन्या मखराच्या थर्माकोलच्या टेकड्या, इंची टेप, मूठभर फासे, आणि मग संध्याकाळपर्यंत कोणाला हाक मारली तरी ऐकू जात नाही. बहुतेक वेळा वॉरहॅमर ४०,०००, कधी बॅटलटेक, दोन्ही दूरच्या भविष्यातल्या लढायांचे खेळ. आज बहिणीचा मुलगा आला होता, सातवीतला. त्यानं अर्धा तास आमची मोजामोजी मुकाट पाहिली आणि मग विचारलं, "मामा, पण हे लोक भांडताहेत कशावरून?"

चौघंही एकमेकांकडे बघायला लागलो. नियम विचारा, झोपेत सांगू. पण हे?

मी म्हटलं थांब, वाचून दाखवतो. हल्लीचं एक सैन्याचं पुस्तक काढलं. गुळगुळीत कागद, चित्रं तर अशी की फ्रेम करावीत. पण मजकूर! प्रत्येक सैनिक 'निर्दय', प्रत्येक लढाई 'भीषण', दर परिच्छेदात एक नवा ग्रह आणि त्यावर अब्जावधी मेलेले. दुसऱ्या पानावर पोरानं मोबाईल काढला. त्याची काय चूक? अब्ज माणसं मेली म्हटल्यावर डोळ्यांसमोर काहीच येत नाही. ओट्यावर आठ दिवस कोणी न उचललेली एक चप्पल दिसली, तर येतं.

मग दुसऱ्या मित्राकडचं जुनं पुस्तक काढलं, १९८७चं, रिक प्रीस्टलीनं लिहिलेलं, जिथून हा खेळ सुरू झाला ते. छपाई काळी-पांढरी, मांडणी बाजारच्या पिशवीसारखी. पण नियमांच्या मधेमधे दोन-दोन ओळींचे तुकडे पेरलेत. कुठे कुणाचा हुकूम, कुठे प्रार्थना, कुठे सरकारी खलिता. आणि तो सम्राट: हजारो वर्षं सिंहासनावर खिळलेला, धड जिवंत नाही, धड मेलेला नाही, आणि त्याच्यासाठी रोज हजार जिवांचा बळी. पोरगं म्हणालं, "म्हणजे राजा जिवंत आहे की मेलाय?" मी म्हटलं, ते कोणालाच माहीत नाही, आणि तिथे हा प्रश्न विचारणं हाच गुन्हा आहे.

मोबाईल खिशात गेला. तासभर निघाला नाही.

नंतर त्या खेळात वीस लीजनची, म्हणजे सैन्यदलांची, यादी आली. त्यांतल्या दोघांपुढे काहीच लिहिलेलं नाही. नाव नाही, सेनापती नाही, नोंद पुसलेली. इतक्या वर्षांत त्या दोन कोऱ्या जागांवर लोकांनी जेवढा विचार केलाय तेवढा छापलेल्या पानांवरही केला नसेल. माझं म्हणणं एवढंच: आधी लिहिणारा खेळणाऱ्यासाठी जागा सोडायचा. आता सगळी जागा भरून टाकतो, आणि भरतो ती विशेषणांनी.

तुम्हाला काय वाटतं? की माझंच वय झालं?


लूपलाइन_भुसावळ | रविवार, रात्री १०.३१

वय झालंच आहे भो, पण मुद्दा बरोबर आहे.

एक अडाणी प्रश्न. तुम्ही लोक 'फ्लफ फ्लफ' म्हणता ते हेच का? आम्ही बदामसातवाले, सांभाळून घ्या.


पिलबाग | रविवार, रात्री १०.३८

हो तेच. नियम, आकडे, किती इंच चालायचं, किती फासे टाकायचे ते 'क्रंच'. बाकीची गोष्ट, इतिहास, कोण कोणाचा वैरी, ते 'फ्लफ'. शब्दच असा की ऐकून वाटावं, गादीतला कापूस. तिथूनच घोळ सुरू होतो.


सातपुडा_पॅसेंजर | रविवार, रात्री ११.०५

असहमत. चक्क असहमत.

गोष्ट ही मिनिएचर, म्हणजे खेळातले छोटे सैनिक, खपवायची जाहिरात आहे आणि पहिल्यापासून तशीच होती. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एक ऐकावं. १९८८ला वॉरहॅमरच्याच जगातल्या अजस्र यंत्रमानवांच्या लढाईचा डबा आला, अडेप्टस टायटॅनिकस. आत सहा प्लास्टिकचे टायटन, सहाही एकाच साच्यातले. दोन साच्यांचा खर्च परवडणारा नव्हता. मग दोन्ही बाजूंना हुबेहूब तीच यंत्रं कशी? तर म्हणे यादवी! भाऊ भावावर उलटला! आज ज्या 'हॉरस हेरेसी'वर लोक डोळे ओले करतात ती महागाथा साच्याच्या हिशेबातून आलीये.

अवांतर: त्या डब्यात इमारतीसुद्धा थर्माकोलच्या होत्या. तेव्हा पिलबाग यांच्या मखराला मोठी परंपरा आहे.


पिलबाग | रविवार, रात्री ११.२०

अहो, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. पैसे कमी होते म्हणून एकच साचा, एकच साचा म्हणून भाऊबंदकी, आणि भाऊबंदकी म्हटल्यावर आपल्याकडे वेगळं काही सांगावं लागतं का? बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ प्रत्येक गावात सापडतील. अडचणीतून निघालेली गोष्ट घट्ट असते.

पुढे काय झालं ते बघा. ती यादवी बरीच वर्षं चार-दोन पानांत होती, दंतकथेसारखी. २००६पासून तिच्यावर कादंबऱ्या सुरू झाल्या, मूळ मालिकाच ५४ पुस्तकांची झाली. वर राजधानीच्या वेढ्याची वेगळी मालिका, ती २०२४ला संपली. काही पुस्तकं उत्तम आहेत, मीही रात्र जागून वाचलीत. पण दंतकथेतला देव सकाळी काय खातो हे कळलं की नवस कोण बोलणार?


बारव | सोमवार, सकाळी ७.५०

धागा सकाळच्या चहाबरोबर वाचला. मी धुळ्याची, इतिहास शिकवते, फासे मुलाच्या आग्रहानं हातात घेतले. दोन्ही बाजूंना थोडं थोडं मान्य करून वेगळंच काही सांगते.

आमच्या गावात राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी १८९८मध्ये साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपताच्या आसपासच्या पत्रांचा, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची अक्षरशः सालं काढली. तारखा चूक, माणसं चूक, सैन्याचे आकडे फुगवलेले. सगळं खरं. तरी वर्गात मुलांना पानिपत सांगायचं तर मी बखरच काढते. कारण बखर कोणीतरी कोणालातरी सांगतंय. सांगणाऱ्याला कोणाचा तरी राग आहे, कोणाचं तरी मीठ त्यानं खाल्लंय. तो राग वाचणाऱ्यापर्यंत पोचतो.

युद्धखेळांच्या पुस्तकांचं दुखणं मला हेच वाटतं. हल्लीच्या पुस्तकांत सांगणारा कोणी नाही. सर्वज्ञ आवाज, सगळ्यांबद्दल सारखाच उत्साही, लग्नातल्या सूत्रसंचालकासारखा.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या, अशीरगड. बऱ्हाणपूरच्या पुढचा, आज मध्य प्रदेशात, पण फारुकींच्या खान्देशाचा कणा. १६०१च्या जानेवारीत तो अकबराच्या हाती पडला. कसा? दरबारी लेखक सांगतात, किल्ल्यात गर्दी झाली, रोगराई पसरली, आतल्यांचा धीर सुटला. जेझुइट पाद्र्यांचा वृत्तान्त सांगतो, बहादूरखान फारुकीला वचन देऊन बाहेर बोलावलं, ते मोडलं, आणि आतल्या सरदारांना सोनं चारलं. एकच किल्ला, एकच महिना. आता युद्धखेळाच्या पुस्तकात या दोन्ही हकिकती समोरासमोरच्या पानांवर छापा, खाली एक ओळही लिहू नका. कोणत्या हकिकतीनं खेळायचं ते टेबलावरचे लोक ठरवतील. रोगराई धरली तर किल्लेदाराचे फासे दर डावाला कमी होतील. सोनं धरलं तर किल्लेदाराला माहीतच नसेल की आपला कोणता सरदार फुटलाय.

आणि तोच किल्ला फारुकींनी दोनशे वर्षांपूर्वी घेतला तो कसा? आसा अहिराची गोष्ट लहानपणी ऐकली असेलच. नासिरखान म्हणाला, माझ्यावर शत्रू चालून येतोय, माझ्या बायकामुलांना तुमच्या गडावर आसरा द्या. पहिल्या दिवशी डोल्यांत खरंच बायका आल्या. दुसऱ्या दिवशी डोल्यांतून हत्यारबंद माणसं उतरली. स्वागताला आलेला आसा अहिर मुलांसकट मारला गेला. फरिश्ता या जुन्या फारसी इतिहासकारानं नोंदवलेली कथा आहे. खरी किती ते देव जाणे. पण त्यात कोणी 'निर्दय' म्हटलंय का? गरजच पडली नाही.


सातपुडा_पॅसेंजर | सोमवार, सकाळी ८.१२

ताई, हे पटलं. तरी जाहिरातीचा मुद्दा मागे घेत नाही.


मिस्तरी_शिरपूर | सोमवार, दुपारी १.४०

जेवायच्या सुट्टीत लिहितोय, हाताला ग्रीस आहे, टंकनदोष माफ करा.

तुमी बठ्ठे त्या सम्राटामागे लागेल आहात. बॅटलटेक वाचा भो. मी ट्रॅक्टर खोलतो-बसवतो, त्यामुळे मला ते भिडतं. १९८६ला त्यांचं, माणूस आत बसून चालवतो त्या लढाऊ यंत्रांच्या माहितीचं जाडजूड पुस्तक निघालं, ३०२५ सालचं म्हणून. प्रत्येक यंत्राला पानं दिलीत: कोणी बनवलं, काय जमलं, काय फसलं, कोणत्या प्रसिद्ध माणसानं चालवलं. त्यात 'चार्जर' नावाचं एक आहे. वजन ८० टन. इंजिन असं अवाढव्य की निम्म्याहून जास्त वजन तेच खातं. आणि हत्यारं? पाच छोटे लेझर. म्हणजे ट्रॉलीला विमानाचं इंजिन लावायचं आणि मागे विळा बांधायचा.

आता दुसऱ्या कोणत्याही कंपनीनं ह्याला 'रणभूमीवरचा कर्दनकाळ' म्हटलं असतं. ते पुस्तक सरळ सांगतं, हे फसलेलं यंत्र आहे, गिऱ्हाईक मिळेना, शेवटी एका राज्यानं घेतलं म्हणून कारखाना तगला. असलं काही वाचलं की मला कळतं, हे जग कोणीतरी वापरलेलं आहे. आमच्याकडेही असे ट्रॅक्टर येतात, शोरूमात देखणे, नांगराला लावले की शेतकरी शिव्या घालतो. कंपनीचं नाव नको.

आणि बारवताईंचा मुद्दा त्यांनी तेव्हाच पकडला होता. त्या जगात ताऱ्यांमधले निरोप पोचवणारी एकच संस्था, कॉमस्टार. टेलिफोन खातं म्हणा, पण पुजाऱ्यांच्या हातात. राजघराण्यांची पुस्तकं ह्या कॉमस्टारनं जमवलेली माहिती म्हणून लिहिलेली. म्हणजे सांगणाराच लबाड, आणि तुमाले ते माहीत शे. प्रत्येक ओळ वाचताना विचारावं लागतं, हे ह्यांनी मला का सांगितलं?

चला, गिऱ्हाईक आलं.


लूपलाइन_भुसावळ | सोमवार, दुपारी १.५५

"ट्रॉलीला विमानाचं इंजिन आणि मागे विळा" 😂 वाचनखूण साठवली.


निवृत्त_गार्ड | सोमवार, सायंकाळी ६.२०

मुलांनो, मी या धाग्यात जरा परका आहे. नातवापायी एच. जी. वेल्सचं १९१३चं छोट्या लढायांवरचं पुस्तक मोबाईलवर वाचलं, जुनं असल्यानं फुकट मिळतं. खेळण्यातली तोफ, तिच्यातून लाकडी गोळी उडवायची, शिशाचे शिपाई पाडायचे. नियम मोजकेच. पण मधे हा गृहस्थ एका लढाईची हकिकत लिहितो, ती निळ्या सैन्याच्या सेनापतीच्या तोंडून, आणि तो सेनापती म्हणजे स्वतः वेल्सच. अशा काही बढाया मारतो की आमच्या कंट्रोल ऑफिसातले जुने साहेब आठवले. तेव्हा सांगणारा कोणीतरी हवा हे या छंदाला शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं.

दुसरं. नोकरीतून सुटल्यावर अजिंठ्याच्या घाटानं वर चढून, सिल्लोड-भोकरदन करत असईला गेलो होतो. २३ सप्टेंबर १८०३ची लढाई. एका बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, दुसरीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा, शिंद्यांची कवायती पलटण पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली. मधे केळणा नदी. वाटाडे म्हणाले, पुढे नदी पायी ओलांडायला उतार नाही. वेलस्लीला पलीकडच्या काठावर एक गाव दिसलं, अलीकडे एक. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर. समोरासमोर दोन गावं वसलीत म्हणजे मधून येजा असणारच, एवढ्या हिशेबावर त्यानं फौज पाण्यात घातली. उतार निघाला.

मी तिथे उभा होतो तेव्हा एक बाई गुडघ्याएवढ्या पाण्यातून डोक्यावर भारा घेऊन पलीकडे गेली. मागे एक म्हैस. मला वाटतं, ते दृश्य नसतं तर मला ती लढाई कळलीच नसती.

पुढची हकिकतही ऐका. इंग्रजांच्या पहाऱ्याच्या तुकड्यांना असई गावापासून लांब राहायचा हुकूम होता, त्या भरकटून नेमक्या गावाकडे गेल्या, त्यांच्या मागे ७४वी हायलँडर पलटण गेली आणि चिरडली गेली. मराठ्यांचे गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. इंग्रजांची रांग पुढे सरकली तसे उठले आणि पाठीमागून तोफा डागल्या. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा.

आता मी पाहिलेल्या एका परदेशी पुस्तिकेत या लढाईतल्या मराठी बाजूला काय लिहिलं होतं? 'मोठी संख्या, कमी शिस्त.' बस. शंभराजवळ तोफा आणि शेवटच्या क्षणापर्यंत त्यांना चिकटून राहिलेले गोलंदाज, त्यांचं काहीच नाही. मेल्याचं सोंग घेणाऱ्या गोलंदाजासाठी एक वेगळा नियम लिहिला असता तर वर दोन पानं गोष्ट लिहायची गरजही उरली नसती.


बारव | सोमवार, सायंकाळी ६.४८

काका, शेवटचं वाक्य चोरतेय. 'फ्लफ' आणि 'क्रंच' वेगळे आहेत हीच मुळात चूक आहे, हे मला इतकं सरळ सांगता आलं नसतं.


कळण्याची_भाकर | सोमवार, रात्री ९.१०

मी जखमेवर मीठ चोळायला आलोय. कोणीच जुन्या वॉरहॅमरचं नाव काढलं नाही, तलवारी-घोडेवाल्या. मी पंधरा वर्षं त्या जगातल्या बुटक्यांची फौज रंगवली. त्यांच्याकडे अपमानांची वही असते, कोणी काय केलं ते पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवतात आणि फेडल्याशिवाय खोडत नाहीत. खान्देशातल्या कोणत्याही भाऊबंदाला शिकवावी लागणार नाही अशी कल्पना. २०१५ला कंपनीनं ते अख्खं जग नष्ट केलं आणि नवीन मांडलं. परत आणलं ते २०२४ला. मधली नऊ वर्षं माझी फौज लोखंडी कपाटात, डांबरगोळ्यांच्या शेजारी.

माझ्या वहीत ही नोंद आहे. खोडलेली नाही.


डिग्री_४५ | सोमवार, रात्री ९.५२

सगळे मोठमोठ्या पुस्तकांबद्दल बोलताय, मी घरचं सांगतो.

विकतची फौज आपल्याला परवडत नाही. मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर भालेवाले काढले, चोवीस. मे महिना, जळगाव. चोपड्याला खेळायला न्यायचे म्हणून गाडीच्या डिकीत ठेवले आणि लग्नाला गेलो, चार तास. पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे मला लग्नानंतर कळलं. डिकी उघडली तर चोवीसच्या चोवीस भाले एकाच बाजूला झुकलेले. कंबरेतून सैनिकही थोडे वाकलेले. रंगाचंही तेच: उन्हात प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या थराचा, स्प्रे मारला तर हवेतच वाळून अंगावर रवा बसतो, त्यामुळे सगळे धुळीनं माखल्यासारखे.

फेकणार होतो. पुतणी म्हणाली, "काका, हे कोणाला तरी नमस्कार करताहेत."

मग त्या रात्री मी आणि तिनं वहीत लिहिलं, ते असं: 'राजानं हुकूम दिला, मी परत येईपर्यंत भाले झुकलेले ठेवा. राजा त्याच दुपारी मारला गेला. हुकूम मागे घ्यायला कोणी उरलं नाही.' झालं, संपलं. एवढीच गोष्ट. नियम असा केला की ही तुकडी कधी पळत नाही, पण राजाच्या निशाणाकडे तोंड असेल तरच पुढे सरकते.

आता गंमत बघा. समोरचे खेळाडू त्यांना मारायला कचरतात. फासे हातात घेऊन "जाऊ दे, दुसऱ्यावर टाकतो" म्हणतात.


मिस्तरी_शिरपूर | सोमवार, रात्री १०.०३

हाई खरं शे भो. बाकी पुस्तकं ठेवा कपाटात.


सातपुडा_पॅसेंजर | सोमवार, रात्री १०.१०

ठीक आहे, हरलो. जाहिरातीसाठी कोणी असं लिहीत नाही.

पण एक शंका आहे. सगळंच घरी लिहायचं तर पुस्तक घ्यायचं कशाला?


पिलबाग | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार करायचा असतो हे कुठून तरी आधी कळलेलं असावं लागतं ना. त्या १९८७च्या पुस्तकातला सिंहासनावरचा राजा वाचला नसता तर डिग्रीभाऊंना मेलेल्या राजाचा हुकूम सुचला असता का, मला शंका आहे. पुस्तकानं विरजण द्यावं, दही घरचं लागतं. विकत बादलीभर दही आणलं तर ते दोन दिवसांत आंबतं, ही माझी तक्रार.

असो. धागा ताणण्यापेक्षा काम करू. बारवताईंची अशीरगडाची कल्पना खेळायची का? पुढच्या रविवारी, माझ्याकडे, रावेरच्या मळ्यात. वांगी बागेतलीच आहेत, भरीत होईल. दोन डाव. पहिला डाव डोल्यांचा: फारुकींच्या खेळाडूनं वीस काड्यापेट्या गडावर न्यायच्या, आत बायका की सैनिक हे चिठ्ठीवर लिहून. किल्लेदारानं दर फेरीला एकच पेटी उघडायची. आणि उघडलेल्या पेटीत खरंच बाई निघाली तर पाहुण्यांचा अपमान झाला म्हणून गडाची अब्रू एक गुणानं कमी. दुसरा डाव अकबराचा, काकांनी पंच व्हावं.


निवृत्त_गार्ड | सोमवार, रात्री १०.५२

येतो. शिट्टी आणि झेंडा दोन्ही आणतो.


बारव | सोमवार, रात्री १०.५५

अब्रूचा गुण झकास. त्याच भीतीनं आसा अहिरानं डोल्या तपासल्या नसणार. मी मुलाला घेऊन येते. दोन्ही हकिकतींच्या प्रती काढून आणते, निकाल माझ्याकडे मागू नये.


लूपलाइन_भुसावळ | सोमवार, रात्री ११.०२

बदामसातवाला चालत असेल तर मीही येतो. आसा अहिर कोण होणार?


कळण्याची_भाकर | सोमवार, रात्री ११.०४

मी. पण आधीच सांगून ठेवतो, अब्रू गेली तरी चालेल, पहिली पेटी मी उघडणार. वहीत एक नोंद आधीच आहे.